पाहुण्यांचे पाणी, घरच्यांचे पाणी

मृगाचा पाऊस सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "डॉक्टर, शनिवार-रविवार कोयनेकडे चाललोय, शेतावर राहायला. बरोबर काय काय गोळ्या ठेवू?" मीही वर्षानुवर्षे ठरावीक उत्तर देत आलो. तापाची गोळी, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, जुलाबाचे औषध, जखमेचे मलम आणि कोरडे मोजे. विचारणारा खूश, मीही खूश.

गेल्या वर्षी आषाढात आम्ही उभयता आणि एक स्नेही कुटुंब असे कोयनानगरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री राहून आलो. तेव्हा लक्षात आले, की माझे इतक्या वर्षांचे उत्तर अर्धेच होते. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आमचा सातारा जिल्हा मोठा गमतीचा. पूर्वेला माण तालुक्यात वर्षभरात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तर लोक समाधान मानतात. पश्चिमेला कोयनानगरची वार्षिक सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापट फरक. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला त्या पावसाचे अप्रूप वाटले तर नवल नाही. कराड सोडून पाटणकडे निघाले की डोंगर हळूहळू जवळ येतात, हेळवाकपर्यंत पोचेतो गाडीच्या काचेपुढचे काही दिसेनासे होते, आणि नवजाच्या बाजूला ओझर्ड्याचा धबधबा कोसळत असतो. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर शेतावरचे हे मुक्काम पुष्कळ वाढले. शेतीच्या उत्पन्नाला जोड मिळाली, घरची चार माणसे घरीच राहिली, ही चांगलीच गोष्ट आहे. तेव्हा या मुक्कामांना माझा विरोध आहे असे कुणी समजू नये.

घर कौलारू, पुढे सोपा, एका अंगाला गोठा, मागे परडे. घरधनी साठी उलटलेले. त्यांना सगळेच आबा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या पत्नी मावशी, मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना लागला होता. शेतात भाताची लावण चालू होती. औताने चिखलणी करायची, तरव्यातली रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या, आणि वाकून ओळीने रोप लावत मागे मागे सरकायचे. आमच्या स्नेह्यांची दोन्ही मुले चिखलात उतरली आणि म्हशीसारखी डुंबली. आबा कौतुकाने हसत होते. दोन तासांनी मुलांसाठी गरम पाण्याचा हंडा तयार होता. जेवायला नाचणीची भाकरी, पिठले, कुर्डूची भाजी. असे जेवण मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो.

प्यायचे पाणी आमच्यासाठी वेगळे ठेवले होते. उकळून, गाळून, झाकणाच्या स्टीलच्या पिंपात, वर लांब दांड्याचे ओगराळे. डॉक्टर म्हणून मला बरे वाटले. मी तसे बोलूनही दाखवले. पण माझ्या नजरेतून जे सुटले ते माझ्या पत्नीच्या नजरेतून सुटले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, सूनबाई आपल्याला पिंपातलं पाणी देते आणि स्वतः मागच्या नळीला तोंड लावते."

मागची नळी म्हणजे डोंगरातल्या झऱ्यावरून आणलेला काळा पाइप. पाणी दिसायला स्फटिकासारखे, लागायला बर्फासारखे गार. पण झऱ्याच्या वरच्या अंगाला जनावरे चरतात, माणसेही त्याच बाजूला जातात, आणि एवढ्या पावसात डोंगर धुऊन सगळे खाली उतरते. मी आबांना विचारले. ते म्हणाले, "आमाला काय हुतंय डॉक्टर? आमची हाडं ह्याच पान्यावर वाढल्यात. तुमा शेरातल्या लोकास्नी बाधतं म्हून उकळतो."

इथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. आबांच्या बोलण्यात काही अंशी तथ्य आहे. 'ए' जातीची कावीळ गावाकडच्या माणसाला बहुधा लहानपणीच होऊन जाते, ती सौम्य असते आणि पुढे जन्मभर पुरेल अशी प्रतिकारशक्ती देऊन जाते. शहरात जपून वाढलेला माणूस पंचविशीत झऱ्याचे पाणी पितो आणि आजारी पडतो. पण हा हिशेब सगळ्याच रोगांना लागू होत नाही. दूषित पाण्यातूनच पसरणारी 'ई' जातीची कावीळ मोठ्या माणसांनाच अधिक गाठते. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती याच विषाणूची होती हे पुढे कळले. आपल्या शेजारी इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती तर अनेकांना आठवत असेल. धडधाकट माणूस या काविळीतून बहुतेक वेळा पथ्य-विश्रांतीने उठतो. गरोदर स्त्रीची गोष्ट मात्र वेगळी आहे. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरांत वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावल्याच्या नोंदी वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. पोटातल्या बाळाचे तर विचारूच नका.

म्हणजे त्या घरात उकळलेल्या पाण्याची सर्वांत जास्त गरज कोणाला होती? शहरातून आलेल्या आम्हा जाडजूड पाहुण्यांना नव्हे, तर सातव्या महिन्यात आम्हाला वाढणाऱ्या त्या मुलीला. आणि तीच तेवढी कच्चे पाणी पीत होती. "आमाला काय होत नाही" हे वाक्य जे तगले तेच म्हणू शकतात. जे गेले ते सांगायला उरत नाहीत, हे आपण विसरतो.

पाण्याची गोष्ट कळल्यावर मग मला त्या घरातल्या इतर गोष्टीही दिसू लागल्या. पाहुण्यांसाठी गमबुटांचे जोड ओळीने मांडलेले होते. आबा आणि मावशी अनवाणी. दोघांच्या पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या. आपण त्याला चिखल्या म्हणतो. पाहुण्यांच्या खोलीत मच्छरदाणी. घरची माणसे सोप्यात जमिनीवर वाकळ टाकून झोपलेली. चिखलातून आल्यावर गरम पाणी आधी पाहुण्यांना, मग पुरुषांना, आणि बायकांच्या वाट्याला येईपर्यंत हंडा रिकामा. अतिथी देवो भव हे खरे. पण देवाच्या नैवेद्यातला प्रसाद तरी घरच्यांना मिळतो.

चिखल्यांकडे लोक हसून पाहतात, पण ती सोललेली कातडी म्हणजे रोगाला उघडे दार असते. लेप्टोस्पायरोसिस, ज्याला लोक नुसते 'लेप्टो' म्हणतात, त्याचे जंतू उंदीर, घुशी आणि गुराढोरांच्या लघवीतून चिखलात येतात आणि कातडीच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने डोके वर काढले तेव्हा शहरांना त्याचे नाव कळले. घाटाखाली कोकणातल्या भातशेतकऱ्याला मात्र तो जुनाच ओळखीचा आहे. सडकून ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दाबल्या तर जीव जाईल इतके दुखणे, डोळे लाल होणे, ही त्याची लक्षणे. वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. 'साधा व्हायरल' म्हणून चार-पाच दिवस काढले तर कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

दुसरा असाच फसवा ताप म्हणजे स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत असणाऱ्या अतिशय बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून तो येतो. चावा दुखत नाही, कळतही नाही. पुढे काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, सिगारेटचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग दिसतो. हा डाग दिसला तर निदान निम्मे झाले. पण तो दिसण्यासाठी रुग्णाने कपडे काढून दाखवले पाहिजे आणि डॉक्टरने पाहिले पाहिजे. दोन्ही गोष्टी घाईच्या ओपीडीत राहून जातात. यात मी स्वतःलाही धरतो.

या दोन्ही तापांची मुख्य गोम अशी, की ते लगेच येत नाहीत. लेप्टो साधारण एक-दोन आठवड्यांनी, कधी महिन्यानेही येतो. स्क्रब टायफसला बहुधा दहा-बारा दिवस लागतात. काविळीला तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत. तोपर्यंत पाहुणा आपल्या गावी परतून कामाला लागलेला असतो. ताप आल्यावर त्याला आठवतो तो कालचा वडापाव. पंधरा दिवसांपूर्वीचा चिखल त्याच्या ध्यानीमनी नसतो आणि त्याच्या डॉक्टरलाही तो स्वप्नात दिसत नाही. म्हणून पहिली विनंती: शेतावर राहून आल्यावर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "मी चिखलात उतरलो होतो, गवतात हिंडलो होतो, झऱ्याचे पाणी प्यालो होतो." या एका वाक्याने अनेक तपासण्यांचे पैसे वाचतील आणि कदाचित जीवही. अशा तापात दुखणे थांबवणाऱ्या जोरदार गोळ्या मनाने घेऊ नका. पॅरासिटामॉलवर भागवा आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लीनची गोळी आठवड्यातून एकदा देतात, पण ती सरसकट सर्वांना नसते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तर ती आपल्या मनाने मुळीच देऊ नये.

दुसरी विनंती थोडी वेगळी आहे. ती आजवर कुणाला करावीशी मला वाटली नव्हती. पाहुण्याला असा ताप निघाला, तर त्याने यजमानाला फोन करून कळवावे. चिखल एकच, झरा एकच. पाहुणा त्यात दोन तास होता, घरची माणसे चार महिने असतात. तुमचा ताप ही त्यांच्यासाठी आगाऊ सूचना आहे. तुम्ही हजार-पाचशेच्या तपासण्या करून घ्याल. आबा मात्र ताप अंगावर काढून लावणीला जातील. तुमच्या एका फोनने ते वेळेत प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचतील. आपण गूळ, तांदूळ, मध विकत आणतो, फोटो काढतो, पोचल्याचा फोनही करतो. मग हाही करायला काय हरकत आहे?

आता यजमानांशी दोन शब्द.

पाणी सर्वांसाठी एकच ठेवा. उकळायला लाकूड लागते, पावसात सरपण ओले असते, गॅस महाग आहे, हे सारे मी पाहिले आहे. म्हणून उकळणे जमत नसेल तर घरगुती क्लोरीनचे थेंब वापरा. ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना विचारा. पाणी गढूळ असेल तर आधी जाड फडक्याने गाळा, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारे माणूस असेल तर ओगराळे आधी त्यांच्याकडे फिरू द्या.

गमबूट पाहुण्यांच्या आधी घरच्यांना घ्या. भाताच्या चिखलात बूट रुततात, बोटांना रोपाचा अंदाज राहत नाही, असे आबा म्हणाले. ते मला पटले. लावणीला अनवाणी उतरावे लागले तरी गोठ्यात, बांधावर, गवतात तरी बूट घालता येतात. चिखलात जाण्यापूर्वी पायाला तेल चोळा, वर आल्यावर साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चिखल्यांवर रॉकेल ओतू नका, बुरशीचे मलम मिळते. पायाला मोठी भेग किंवा जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला उतरू द्या. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असू द्या.

मच्छरदाणीचा फायदा फक्त डासांपुरता नाही. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. पुष्कळदा चावल्याची जागा दिसत नाही, फार दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, श्वास अडकतो. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असली तर हा धोका बराच टळतो. सर्पदंश झाला तर कापू नये, चोखू नये, करकचून आवळून बांधू नये. हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता १०८ ला फोन करावा आणि लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. सर्वांत जवळ ती कुठे आहे, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. रात्री, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी शोधाशोध करण्यात जीव जातो.

जळवांबद्दल मात्र पाहुण्यांनी उगीच घाबरू नये. जळू लागली की कपड्यांवरच आरडाओरडा होतो. खरे तर तिच्यापासून रोगाची भीती जवळजवळ नाही. नखाने तोंडाकडून हळू सरकवावी, जागा साबणाने धुवावी. रक्त थोडा वेळ वाहते, मग थांबते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या ठिकाणी दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. अतिवृष्टीचा इशारा असेल तर मुक्काम पुढे ढकला. पाहुण्याने अडून बसू नये आणि यजमानाने आगाऊ रकमेसाठी त्याला बोलावू नये. डोंगराला नव्या भेगा दिसल्या, झऱ्याचे पाणी एकाएकी मातकट झाले, झाडे कलली, तर सामान न पाहता सर्वांनीच तिथून निघावे. तिथेही पाहुणे आधी आणि घरचे नंतर असा हिशेब नको.

काही वाचक म्हणतील, डॉक्टर, दोन दिवसांच्या आनंदात कशाला हे विष कालवता? तसा हेतू नाही. दुरून डोंगर साजरे, पण जवळून तिथली माणसे दिसतात, आणि दिसल्यावर डोळे मिटणे बरे नाही. आपण 'पारंपरिक शेतकरी जीवन' पाहायला पैसे मोजतो. त्या जीवनात चिखल्या, कच्चे पाणी आणि शेवटचा रिकामा हंडाही असेल, तर तेवढा भाग परंपरा म्हणून जपण्यासारखा नाही. मुक्कामाची जागा ठरवताना खोली कशी, जेवण कसे, एवढेच विचारू नका. "घरची माणसं कुठलं पाणी पितात?" हेही विचारा. दहा पाहुण्यांनी विचारले तर अकराव्याच्या आधी व्यवस्था बदलेल. पर्यटन खात्याकडे अशा केंद्रांची नोंदणी होते. नोंदणीच्या वेळी पाहुण्यांच्या सोयींबरोबर घरच्यांच्या पिण्याच्या पाण्याचीही विचारपूस झाली तर खर्च काहीच नाही.

त्या दुपारी मी सुनेला पिंपातले पाणी प्यायला सांगितले तर मावशींनी जीभ चावली. "पाव्हण्यांच्या पिंपातलं आमी कसं पिऊ?" तेव्हा मी काविळीची सगळी हकीकत त्यांना सांगितली. आबा बराच वेळ तंबाखू मळत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पाहिले, तर चुलीवर नेहमीच्या पातेल्याऐवजी आंघोळीचा मोठा हंडा चढला होता. मावशी म्हणाल्या, "येकदाच उकळून ठिवती आता, समद्यास्नी."

गौरी-गणपती झाल्यावर आबांचा फोन आला. सून बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी खुशाल. त्याचे श्रेय त्या हंड्याला देणे शास्त्राला धरून होणार नाही. कच्चे पाणी पिऊनही सारे सुरळीत झाले असते, असे होऊ शकते. पण तेवढ्यावर आपल्या घरातल्या गरोदर मुलीला आपण कच्चे पाणी देत नाही. तिलाही देऊ नये, इतकेच.

यंदा पुन्हा कुणी विचारेल, "डॉक्टर, कोयनेला चाललोय, काय बरोबर नेऊ?" माझी यादी तीच राहील. फक्त शेवटी मी क्लोरीनच्या थेंबांच्या दोन बाटल्या लिहीन. एक स्वतःसाठी आणि एक यजमानांच्या घरात ठेवून येण्यासाठी.